अमुकच ऑर्किड हवंय, ते मिळेल कुठे? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या कोल्हापूरच्या गच्चीवरच्या ऑर्किडांच्या लेबलांबद्दल लिहिलं होतं: प्रत्येक कुंडीत ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर झाडाचं पूर्ण नाव आणि ते कुणाकडून आलं याची नोंद. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत लेबलाविषयी चौकशी नाहीच. चौकशी आहे ती झाडाची. कुणाला वासाचं एक झाड हवंय, कुणाला निळं, कुणाला वडिलांच्या हातचं. हे वाचून मला फार बरं वाटलं. नर्सरीत समोर दिसेल ते उचलणारे पुष्कळ असतात. मनात भरलेल्या एका झाडामागे दोन-दोन वर्षं राहणारे थोडे, आणि ऑर्किड खऱ्या अर्थाने टिकतात ती त्यांच्याकडे. काही पत्रांना इथे सविस्तर उत्तरं देते.

प्रश्न : ताई, पुण्याला एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात एका ऑर्किडला चक्क चॉकलेटचा वास येत होता. बारीक बारीक तपकिरी-लालसर फुलं, लांब दांडीवर भरपूर. गर्दीत नाव लिहून घ्यायचं राहिलं. आता नर्सऱ्यांमध्ये ‘चॉकलेट ऑर्किड’ मागते, तर तपकिरी रंगाचं डेन्ड्रोबियम पुढे करतात. मला हवंय ते कोणतं आणि मागायचं कसं?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ते ‘ऑन्सिडियम शॅरी बेबी’ असणार. त्यातही बहुधा ‘स्वीट फ्रॅग्रन्स’. नर्सरीत जाल तेव्हा हे सगळे शब्द एका कागदावर रोमन लिपीत लिहून न्या आणि तो कागद नर्सरीवाल्याच्या हातात द्या. तोंडी सांगितलेलं नाव दुसऱ्या माणसापर्यंत पोचेपर्यंत बदलतं.

नावात इतके शब्द का, ते एकदा समजून घेतलंत तर पुढचा सगळा शोध सोपा होईल. ऑन्सिडियम ही प्रजाती. शॅरी बेबी हे एका ठरावीक संकराचं नाव. त्या आई-बापांपासून झालेली सगळी भावंडं शॅरी बेबीच म्हणवतात, मग कुणी गडद असो, कुणी फिकं, कुणी जास्त सुवासिक, कुणी कमी. शेवटचं, अवतरणात लिहितात ते नाव मात्र त्यांतल्या एकाच झाडाचं. त्या झाडाचे तुकडे किंवा टिश्यू कल्चरने, म्हणजे त्याच्याच कणापासून प्रयोगशाळेत बाटलीत केलेली रोपं तेवढी त्या नावाला पात्र. तुम्ही जो वास घेतलात तो त्या एका झाडाचा आहे, म्हणून शेवटचे दोन शब्द गाळू नका.

आता नर्सरीवाल्याची बाजू. मुंबई-पुण्याच्या बहुतेक नर्सऱ्यांत ऑर्किड येतात ती ठोक व्यापाऱ्याकडून, आणि त्याच्याकडे येतात ती थायलंडहून किंवा बंगळुरू, केरळ, कालिम्पॉंगकडच्या उत्पादकांकडून. वाटेत टॅग पडतात, खोके बदलतात, आणि दुकानात पोचेपर्यंत ‘जांभळं डेन्ड्रो’, ‘पिवळं ऑन्सी’ एवढंच उरतं. तेव्हा ‘आहे का?’ एवढं विचारून परत फिरू नका. ‘तुमचा पुढचा माल कधी येतो, आणि मागवायच्या आधी यादी येते का?’ हे विचारा. परदेशातून माल आणणारे व्यापारी आगाऊ मागणी घेतात. नावांची यादी फिरते, लोक आपापलं झाड सांगतात, थोडे पैसे भरतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी झाड येतं. माझ्या गच्चीवरची बहुतेक नावाची झाडं अशीच आलेली आहेत. दुकानाच्या फळीवर त्यांतली क्वचितच दिसली असती.

झाड फुलावर असेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जा. शॅरी बेबीचा वास उन्हाची ऊब लागली की सुटतो. संध्याकाळी तेच फूल मुकं वाटतं. पानांवर बारीक काळे ठिपके दिसले तर लगेच रोग समजून झाड नाकारू नका, या जातीला ते असतातच. ठिपके पसरून ओले, मऊ झाले असतील तर मात्र घेऊ नका. डोंबिवलीच्या हवेत हे झाड चांगलं चालतं. सकाळचं ऊन आणि वारा असलेली पूर्वेची खिडकी द्या.

प्रश्न : मावशी, मी सावंतवाडीला कॉलेजात शिकतो. आमच्याकडे पावसाच्या तोंडाला घाटात रस्त्याकडेला सीतेची वेणी विकायला असते. शंभर-दोनशेला मोठा जुडगा मिळतो. आजीच्या दारच्या आंब्यावर बांधायचा विचार आहे. घेऊ ना?
– एक विद्यार्थी, सावंतवाडी

उत्तर : नको घेऊस. आजीच्या आंब्यावर सीतेची वेणी लोंबलेली मलाही पाहायची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तो जुडगा आला कुठून ते आधी बघ. हातात घेऊन मुळं पाहा. जंगलातल्या झाडाची मुळं खोडाला चिकटून वाढलेली असतात, म्हणून ती एका बाजूने चपटी होतात. ओरबाडून काढताना ती तुटतात, कधी सालीचा तुकडाही सोबत येतो. पानांवर जुने व्रण, शेवाळ, दगडफूल. एकाच ढिगात बोटाएवढी पिल्लं आणि हातभर लांबीची म्हातारी झाडं एकत्र. नर्सरीत वाढवलेली झाडं अशी नसतात. ती एका वयाची, गोल मुळांची, टोपलीत किंवा कुंडीत रुळलेली असतात. एकदा डोळा बसला की दहा पावलांवरून फरक कळतो.

ओरबाडलेल्या झाडाचं पुढे काय होतं? मुळांच्या टोकाचा हिरवा, वाढता भाग गेलेला असतो, पाणी घ्यायला नवी मुळं यावी लागतात. मोठ्या झाडाला तेवढा काळ तग धरता येत नाही. पहिला पावसाळा ते पानांतल्या साठ्यावर काढतं, एखादा तुराही देतं, आणि पुढच्या मार्चमध्ये सुकतं. मग लोक म्हणतात, ऑर्किड आमच्याकडे जगत नाही. तिकडे जंगलात त्या फांदीवर पुन्हा झाड यायचं तर धुळीसारखं बी उडून नेमक्या सालीवर पडायला हवं, तिथे त्याला रुजवणारी बुरशी हवी, आणि मग कितीतरी वर्षांनी पहिलं फूल. शंभर रुपयांत ते सगळं जातं. राखीव जंगलातून झाडं काढणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हेही विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

आता तुला हवं ते मिळवायचं कसं. पहिली गोष्ट, सीतेची वेणी म्हणून आपल्याकडे एकाहून जास्त ऑर्किडांना हाक मारतात. एक रिंकोस्टायलिस रेट्युसा: तुरा सरळ खाली लोंबणारा, गच्च, कोल्ह्याच्या शेपटीसारखा गोल, पांढऱ्यावर जांभळे ठिपके. आसामात तिला कपौ म्हणतात; बिहूच्या नाचात मुली केसांत माळतात ती हीच, आणि आसामचं राज्यफूलही हीच. दुसरी एरिडिस मॅक्युलोसा: तुरा जरा मोकळा आणि झुकलेला, फुलाची खालची पाकळी रुंद, गडद गुलाबी-जांभळी, तिच्यामागे वाकडी सोंड. तिला वासही गोड आहे. आजीला विचार, तिच्या आठवणीतली कोणती. तिने फुलाचा आकार हाताने करून दाखवला तरी तुला कळेल.

रेट्युसा असेल तर काम सोपं आहे. ईशान्येकडच्या नर्सऱ्या ती लावतात, थायलंडहूनही येते. रोप लहान मिळेल, पण मुळांसकट आणि पावतीसकट मिळेल. एरिडिस मॅक्युलोसा आपल्या सह्याद्रीची. तिची बियांपासून वाढवलेली रोपं कमी मिळतात. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात चौकशी कर, टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा कुठे आहे आणि तिथे स्थानिक ऑर्किडांचं काम चालतं का ते विचार. तुझ्यासारख्या मुलाने विचारलं तर शिक्षक मनापासून मदत करतात.

आणि आजीच्या आवारात आधीच एखादं झाड असेल, समजा जुन्या फणसावर, तर त्याला हलवू नकोस. त्याच्या आसपासच्या फांद्यांवर जून-जुलैत नजर ठेव. वादळात फांदी मोडून खाली पडली आणि तिच्यावर ऑर्किड असेल, तर ती आवारातलीच आहे. फांदीच्या तुकड्यासकट आंब्याला सुतळीने बांध. साल सोडवायची नाही.

प्रश्न : मॅडम, परदेशी पुस्तकात ‘बीएलसी पामेला हेदरिंग्टन, कॉरोनेशन, एफसीसी/एओएस’ या कॅटलियाचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून ती हवी आहे. भारतातल्या यादीत शोधतो, कुठेच सापडत नाही. ही जात बंद झाली का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जात आहे, आडनाव बदललं. बीएलसी म्हणजे ब्रासाव्होला, लेलिया आणि कॅटलिया या पूर्वजांची आद्याक्षरं. गेल्या काही वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅटलियाच्या कुळाची नव्याने मांडणी केली. ज्या सुवासिक, झालरीच्या ओठाच्या (म्हणजे खालच्या वेगळ्या पाकळीच्या) पूर्वजाला आधी ब्रासाव्होला म्हणत, तो रिंकोलेलिया ठरला. ब्राझीलच्या लेलिया आणि सोफ्रोनायटिस दोन्ही कॅटलियात गेल्या. म्हणून जुन्या पुस्तकातली बीएलसी आज बहुतेक वेळा आरएलसी असते, आणि जुनी एलसी किंवा एसएलसी अनेकदा नुसती ‘सी’. तुम्ही ‘आरएलसी पामेला हेदरिंग्टन’ असं शोधा. त्याहून सोपं म्हणजे सुरुवातीची अक्षरं सोडून नुसतं ‘पामेला हेदरिंग्टन’ शोधा. संकराचं नाव तेच राहतं.

हीच अडचण व्हॅन्डा ही ऑर्किडं शोधणाऱ्यांना येते. ॲस्कोसेन्ट्रम व्हॅन्डात विलीन झालं, त्यामुळे ॲस्कोसेन्डा आता व्हॅन्डा आहेत. डोरिटिनॉप्सिस म्हणून विकली जाणारी झाडं आज फॅलेनॉप्सिस आहेत. जपानची चिमुकली निओफिनेशिया आता व्हॅन्डा फाल्काटा. नर्सरीवाले मात्र वर्षानुवर्षं जुनीच नावं लिहितात, त्यामुळे शोधताना जुनं आणि नवं दोन्ही चालवून पाहावं लागतं.

खात्री करायला एक जागा आहे. ऑर्किडच्या संकरांची जगभरची नोंद लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते. सँडर नावाच्या ऑर्किड व्यापाऱ्याच्या घराण्याने १९०६मध्ये ही यादी सुरू केली, १९६१पासून ती सोसायटीकडे आहे आणि इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येते. नाव टाका, आई-बाप कोण, कुणी आणि कधी नोंदवलं, आजचं मान्य नाव काय, सगळं मिळतं. विक्रेत्याने सांगितलेलं नाव तिथे नसेल, तर एक तर स्पेलिंग चुकलंय किंवा नाव त्याने स्वतः ठेवलंय.

नावाच्या शेवटी येणाऱ्या अक्षरांबद्दलही सांगते, कारण त्यांवर किंमत ठरते. एओएस म्हणजे अमेरिकन ऑर्किड सोसायटी. तिचे परीक्षक फुलाला शंभरपैकी गुण देतात आणि त्यावर मान ठरतो: ७५ ते ७९ला एचसीसी, ८० ते ८९ला एएम, ९० आणि वर एफसीसी. हा मान त्या एका झाडाच्या त्या दिवशीच्या फुलाला मिळालेला असतो. म्हणजे तुमच्या यादीतलं ‘कॉरोनेशन’ हे नाव पाहिजेच. एखाद्याने ‘पामेला हेदरिंग्टनची बियांची रोपं’ स्वस्तात देऊ केली, तर ती त्या मानाची झाडं नव्हेत; चांगली निघतील किंवा साधी. १९६०मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून ऑर्किडांची हुबेहूब रोपं करण्याची वाट दाखवली, म्हणून आज असं नावाजलेलं झाड आपल्यासारख्यांच्या आवाक्यात येतं. त्याआधी एकच मार्ग होता, मालकाने झाड विभागून तुकडा विकावा.

मागणी देताना एक प्रश्न नक्की विचारा: झाड फुलण्याच्या वयाचं आहे का? कॅटलियाचं बाटलीतून नुकतंच काढलेलं रोप फुलायला पाच ते सात वर्षं घेतं. फोटो मात्र दोन्ही जाहिरातींत तोच असतो. माझा सल्ला, पहिली कॅटलिया फुलायच्या वयाची घ्या, महाग पडली तरी. आणि पामेला येईपर्यंत हात रिकामे नको असतील, तर ‘आरएलसी अल्मा की, टिपमाली’ बघा. पिवळीधमक, लाल ओठाची, थायलंडमधून नियमित येणारी आणि आपल्या उन्हाळ्याला न घाबरणारी. मला ती पामेलाइतकीच आवडते.

प्रश्न : ऑनलाइन निळ्या ऑर्किडच्या बियांचं पाकीट स्वस्तात मिळतंय. माकडाच्या तोंडाच्या ऑर्किडच्या बियाही आहेत. मागवू का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : दोन्ही मागवू नका. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात रोपाला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. निसर्गात बुरशी त्याला भरवते. प्रयोगशाळेत साखर आणि क्षार घातलेल्या आगारवर (समुद्री शेवाळाच्या जेलीवर), निर्जंतुक बाटलीत ते रुजवतात. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ लुइस नडसन यांनी १९२२मध्ये ही रीत मांडली आणि आजही धंदा तिच्यावरच उभा आहे. कुंडीत, मातीत, ओल्या कापसावर ते रुजत नाही. पाकिटातून जे उगवतं ते कुठलंतरी गवत किंवा भाजी.

निळी फॅलेनॉप्सिस दुकानात फुललेली दिसते, ती बहुतेक पांढरीच असते. दांड्यात निळा रंग भरलेला असतो आणि पुढच्या वर्षी फुलं पांढरी येतात. माकडतोंडी ड्रॅक्युला सिमिया खरी आहे, पण ती इक्वेडोरकडच्या थंड, धुक्याच्या डोंगरातली. नाशिकचा मे महिना तिला सोसणार नाही.

प्रश्न : मला खराखुरा निळा ऑर्किड हवा आहे, व्हॅन्डा सेरुलिया. मी नागपूरला राहतो. मिळेल का, कायदेशीर आहे का आणि जगेल का?
– एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : सर, तिन्ही प्रश्न योग्य क्रमाने विचारलेत, मी शेवटून सुरुवात करते.

व्हॅन्डा सेरुलिया ही खासी टेकड्या, नागालँड, मणिपूर, म्यानमार या भागांतल्या डोंगरांवरची. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम ग्रिफिथ यांना ती १८३७मध्ये खासी टेकड्यांत दिसली. हजार मीटरच्या आसपास आणि वर, मोकळ्या झाडांवर, भरपूर उजेडात आणि थंड रात्रींत वाढणारं हे झाड. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या मे महिन्यात ते तगवणं फार कठीण. जगलं तरी फुलणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ज्या मोजक्या वनस्पतींना खास संरक्षण आहे, त्यांत निळी व्हॅन्डा, लाल व्हॅन्डा म्हणजे रेनॅन्थेरा इम्स्कूटियाना, आणि लेडीज स्लिपर ऑर्किड आहेत. २०२२च्या दुरुस्तीनंतर हे परिशिष्ट तिसरं आहे. ही झाडं लावायला आणि विकायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो, आणि आपण घ्यायची तर परवानाधारक विक्रेत्याकडूनच. तेव्हा कुणी फोनवर ‘जंगलातली ओरिजिनल ब्लू व्हॅन्डा’ म्हणून देऊ केली, तर नाही म्हणा.

या कडकपणाला कारण आहे. १८५०मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी खासी टेकड्यांतून लंडनच्या क्यू उद्यानासाठी सात माणसांना वाहावी लागली एवढी ही झाडं गोळा केली. इंग्लंडला जिवंत पोचली ती थोडीच. त्यांच्या मागोमाग व्यापारी आले आणि शंभर वर्षं टोपल्याच्या टोपल्या जात राहिल्या. मी हे वाचलं तेव्हा मला त्या रिकाम्या झाडांचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

तुमच्यासाठी उपाय आहे आणि तो दुय्यम मुळीच नाही. सेरुलियाचा फिलिपिन्सच्या उष्ण भागातल्या व्हॅन्डा सँडेरियानाशी संकर करून १९३१मध्ये ‘व्हॅन्डा रॉथशिल्डियाना’ नोंदवली गेली. निळ्या पाकळ्यांवरची जाळी आईची, फुलाचा गोल भरीवपणा आणि उष्णता सोसण्याची ताकद बापाची. आजच्या बहुतेक निळ्या व्हॅन्डा या दोघांच्याच वंशातल्या. तुम्ही ‘व्हॅन्डा प्रिन्सेस मिकासा’ मागा, जुन्या यादीत ॲस्कोसेन्डा म्हणून असेल. आकाराने आटोपशीर आहे आणि थाई माल आणणाऱ्यांकडे वारंवार असते. याच नावाने गुलाबी फुलांचीही झाडं विकतात, म्हणून ‘निळी’ हा शब्द आवर्जून लिहा. फोटोतला रंग धरू नका, फोनच्या कॅमेऱ्याला हा निळा-जांभळा नीट पकडता येत नाही. जमलं तर फुलावर असताना प्रत्यक्ष बघून घ्या.

नागपुरात ती उघड्या मुळांनी टांगून ठेवलीत तर उन्हाळ्यात रोज दोनदा मुळं चांदीसारखी पांढुरकी न राहता हिरवी होईपर्यंत पाणी द्यावं लागेल. एप्रिल ते जून दाट शेडनेट, खाली पाण्याची परात किंवा ओल्या विटा. आणि झाड ऑगस्ट-सप्टेंबरात मागवा. कुरिअरच्या गाडीत मे महिन्यात अडकलेलं झाड शिजून येतं.

प्रश्न : माझी मुलगी बँकॉकला जातेय. तिथल्या बाजारात लेडीज स्लिपर ऑर्किड स्वस्त असतात. दोन रोपं मुळं धुऊन कपड्यांत गुंडाळून आणली तर चालेल ना?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : नाही चालणार. सगळीच ऑर्किड ‘साइट्स’ या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, आणि लेडीज स्लिपर म्हणजे पॅफिओपेडिलम त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. शिवाय कुठलंही जिवंत रोप भारतात आणायला आधी काढलेला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. मुलीला विमानतळावर अडकवू नका.

हा नियम कशापायी आला, ते आपल्याच दक्षिणेत दिसतं. दक्षिण भारतात पॅफिओपेडिलमची एकच जात आहे, ड्रुरी. केरळ-तामिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलैच्या डोंगरांत. सोनेरी फुलाच्या त्या झाडामागे गोळा करणारे असे लागले की ते रानातून जवळजवळ संपलं.

मुलीला बाजारात जरूर जाऊ दे. आवडलेल्या झाडाचा आणि त्याच्या टॅगचा फोटो काढायला सांगा, टॅगचा स्पष्ट. ते नाव इथल्या परवानाधारक आयातदाराला पाठवा. कालिम्पॉंग आणि सिक्कीमकडे संकरित स्लिपर वाढवणाऱ्या नर्सऱ्याही आहेत, त्यांच्याकडे चौकशी करा आणि बिलावर झाडाचं नाव लिहून घ्या.

प्रश्न : बाबांनी लावलेलं जांभळं-पांढरं डेन्ड्रोबियम त्यांच्या मागे आमच्याकडून गेलं. मला तसंच नाही, तेच हवंय. फोटो पाठवते आहे. जातीचं नाव सांगाल का?
– एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. पाकळ्यांची टोकं जांभळी, मधे पांढरं, काडी जाड आणि उंच. हे डेन्ड्रोबियम सोनियाच्या घराण्यातलं वाटतं. लग्नाच्या मंडपात, पुष्पगुच्छात दिसतं तेच. पण सोनियाचेच कितीतरी क्लोन आहेत, त्याच्यासारखे दिसणारे इतर संकर आणखी. नुसत्या फोटोवरून नेमकं नाव कुणीही सांगितलं तर ते अंदाजाने सांगितलेलं असेल, आणि तुमच्या बाबतीत मला अंदाज द्यायचा नाही. ‘तसंच’ हवं असतं तर मी म्हटलं असतं, फुलावर असलेलं सोनिया नजरेने जुळवून घ्या. पण तुम्ही ‘तेच’ म्हणता आहात.

तेच मिळू शकतं. डेन्ड्रोबियम वाढवणारा माणूस ते एकट्याकडे ठेवत नाही. काडीच्या वरच्या पेरावर पिल्लू येतं, त्याला कीकी म्हणतात, आणि ते बहुतेक कुणालातरी दिलेलं असतं. बाबा कुणाकुणाला झाडं देत असत ते आठवा. शेजारी, ऑफिसमधले सहकारी, सकाळी फिरायला सोबत असणारे, बहिणी, भाचे, देवळातले पुजारी. जुने फोटो काढून बघा, कुणाच्या गॅलरीत ती कुंडी मागे दिसते का. बाबांनी ते विकत घेतलं ती नर्सरी माहीत असेल तर तिथेही जा. नर्सरीवाले आपल्याकडच्या मूळ झाडाचे तुकडे करूनच विकतात, आणि जुना माणूस भेटला तर ‘ते वाडीतलं झाड’ म्हणून त्यालाही आठवेल. कुणाकडे त्याचा एक तुकडा असेल, तर ते त्याच झाडाचं शरीर आहे. त्यात बियांची भेसळ नाही.

सापडलं की सगळं झाड मागू नका, पिल्लू मागा. त्याची मुळं दोन इंचांची झाली की धारदार, जाळून निर्जंतुक केलेल्या पात्याने, काडीचा थोडा भाग ठेवून कापा. पिल्लू नसेल तर फुलून गेलेली, पानं झडलेली जुनी काडी मागा. ती कुणीही आनंदाने देतं. दोन-तीन पेरांचे तुकडे करा, कापलेल्या टोकांना हळद किंवा दालचिनीची पूड लावा, ओलसर काथ्यावर आडवे ठेवा आणि वर सावली. आता पाऊस सुरू होतोय, हवेत दमटपणा आहे, याहून चांगला काळ नाही. पेरांवरचे डोळे फुगायला कधी काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. काडी हिरवी आणि टणक आहे तोवर फेकू नका. पाणी रोज शिंपडा पण काथ्या भिजत ठेवू नका, नाहीतर कुजेल. कोंब आले की पुन्हा लिहा. कोळसा आणि विटांच्या तुकड्यांची कुंडी कशी भरायची ते तेव्हा सांगते.